दोन सारख्याच पिकअप, मग डिझेल कमी-जास्त काहून?

ताईंनो, धानाचा हंगाम आला की पिकअपशिवाय आपलं पान हलत नाही. नाकाडोंगरीहून तुमसरच्या बाजारात धान न्यायचं असो, आधारभूत खरेदी केंद्रावर पोती पोचवायची असोत, की बांधीतलं तणस घरी आणायचं असो, गाडी लागतेच. काही गट गाडी भाड्याने घेतात आणि डिझेल आपल्या खिशातून टाकतात. काही गटांनी कर्ज काढून जुनी गाडी घेतली आहे. दोन्हीकडे बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : "त्यांची गाडी तीच, साल तेच. ती १४ चा ॲव्हरेज देते, तं आपली ११ चाच काहून?"

यानंतर बऱ्याचदा संशय ड्रायव्हरवर जातो. ड्रायव्हर म्हणजे कोण? आपल्याच गावचा पोरगा, कोण्या ताईचा मुलगा नाहीतर दीर. एकदा चोरीचा शब्द तोंडातून निघाला की गट फुटायला वेळ लागत नाही. उलट बाजूने, प्रश्न दाबून ठेवला तर पैसे जातात. समजा गाडी महिन्याला १,५४० किलोमीटर धावते. १४ च्या ॲव्हरेजने ११० लिटर डिझेल लागेल, ११ च्या ॲव्हरेजने १४० लिटर. फरक ३० लिटरचा. हिशेबाला सोपं म्हणून ९० रुपये लिटर धरलं, तर महिन्याचे २,७०० आणि वर्षाचे ३२,४०० रुपये. कोणाला बोलण्याआधी कारण समजून घ्या.

आधी मोजमाप बरोबर करा

"पाचशेचं डिझेल टाकलं, दोन दिवस चाललं" याला मोजमाप म्हणत नाहीत. टाकी पूर्ण भरा. पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबा आणि मीटरचा आकडा वहीत लिहा. गाडी अडीच-तीनशे किलोमीटर चालू द्या. मग त्याच पंपावर तशीच टाकी भरा. समजा आधीचा आकडा ८४,३१० होता, आता ८४,५९० आहे. म्हणजे २८० किलोमीटर. डिझेल बसलं २२.४ लिटर. २८० ला २२.४ ने भागलं की १२.५. हा झाला खरा ॲव्हरेज.

एकदा मोजून निकाल लावू नका. तीनदा मोजा, तिन्ही वेळचे किलोमीटर एकत्र करा, तिन्ही वेळचे लिटर एकत्र करा आणि मग भागा. पंपाच्या मापाची शंका असेल तर पाच लिटरच्या प्रमाणित मापात डिझेल मोजून दाखवायला सांगा. हे माप पंपावर ठेवावंच लागतं आणि मागणं हा गिऱ्हाईकाचा हक्क आहे.

मीटरही फसवतं. ते खरं तर चाकाचे फेरे मोजत असतं. टायर घासला की चाक किंचित लहान होतं, तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे घेतं आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतं. कोणी मोठ्या मापाचे टायर बसवले असतील तर उलटं होतं. म्हणून रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी मीटर एकदा ताडून पाहा.

बाहेरून सारखी, आतून वेगळी

एकाच नावाच्या दोन गाड्या आतून सारख्या असतीलच असं नाही. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले. त्यानुसार कंपन्यांनी इंजिनात आणि धुराच्या यंत्रणेत बदल केले. शिवाय जास्त वजन ओढणाऱ्या मॉडेलमध्ये गियरची रचना वेगळी असू शकते. म्हणून तुलना करताना आरसी बुक उघडून मॉडेल, बनावटीचं साल आणि बीएसचा प्रकार पाहा.

त्यापुढे गाडी कशी वापरली गेली आणि कशी राखली गेली, यावर फरक पडतो. जुन्या गाडीत हीच कारणं जास्त सापडतात :

- एअर फिल्टर : आपल्या भागात डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याला मॅंगनीजच्या खाणी आहेत. मालाचे ट्रक धावतात, धूळ उडते. फिल्टर धुळीने भरला की इंजिनाला हवा कमी पडते. जोर लावताना काळा धूर दिसला तर डिझेल अर्धवट जळतंय असं समजा. फिल्टर साफ असूनही काळा धूर येत असेल तर डिझेल फवारणारं नोझल तपासायला सांगा.
- टायरची हवा : हवा कमी असली की टायर दबतो आणि इंजिनाला जास्त ओढावं लागतं. किती हवा हवी ते गाडीच्या पुस्तकात असतं. सकाळी, टायर थंड असताना मोजा. टायर एकाच बाजूने घासत असेल तर चाकांचं अलाइनमेंट बिघडलं आहे.
- ब्रेक चिकटणं : ब्रेक पूर्ण सुटत नसेल तर गाडी ब्रेक लावूनच धावल्यासारखी होते. गाडी थांबल्यावर चाकाजवळ हात न्या, पण टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर मिस्त्रीला दाखवा.
- क्लच सटकणं : चढावावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी वेग घेत नाही. ही क्लच घासल्याची खूण आहे.
- थर्मोस्टॅट काढलेला असणं : उन्हाळ्यात इंजिन तापू नये म्हणून काही मिस्त्री हा पुर्जा काढून टाकतात. मग इंजिन हवं तेवढं गरम होत नाही आणि डिझेल जास्त पितं. जुनी गाडी घेताना हे नक्की विचारा.
- गळती : रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा, सकाळी डाग दिसतो का ते पाहा.

रस्ता, ओझं आणि पाय

गाडी तीच, पण एक डांबरी रस्त्याने सरळ तुमसरला जाते आणि दुसरी पांदण रस्त्याने दहा ठिकाणी थांबत पोती उचलते. दुसरीला डिझेल जास्त लागणारच. दर वेळी थांबलेली गाडी पुन्हा हलवायला जोर लागतो. तणसाचं तसंच आहे. वजन कमी, पण भारा उंच असतो. वेगात तो हवा अडवतो.

पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या वेगाने गाडी चालवायला सांगते. त्याहून जोरात पळवली की हवेचा अडथळा झपाट्याने वाढतो. क्लचवर पाय ठेवून चालवणं, चुकीच्या गियरमध्ये ओढणं, खरेदी केंद्राच्या रांगेत इंजिन चालू ठेवणं, यातही डिझेल जातं. उभ्या गाडीचं इंजिन तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास डिझेल जाळतं, आणि किलोमीटर शून्य!

ॲव्हरेज कमी म्हणजे गाडी महागच, असंही नाही. समजा जाऊन-येऊन ७७ किलोमीटरची फेरी आहे. १४ वाली गाडी ११ पोती घेऊन गेली, तिला साडेपाच लिटर लागलं. म्हणजे पोत्यामागे अर्धा लिटर. ११ वाली २० पोती घेऊन गेली, तिला ७ लिटर लागलं. म्हणजे पोत्यामागे ३५० मिली. आपल्याला स्वस्त कोणती पडली? दुसरी! मात्र आरसी बुकात लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त भरू नका. दंड आहे, आणि जिवाला धोकाही.

मग संशय कधी घ्यायचा?

वहीतले आकडे पाहा. ॲव्हरेज महिनोन्महिने हळूहळू उतरत असेल तर बहुतेक गाडीची झीज आहे. सर्व्हिसिंग करा. एकदम घसरला असेल तर आधी ब्रेक, टायर, फिल्टर आणि गळती तपासा. मग त्या दिवसांचा रस्ता आणि माल पाहा. हे सगळं ठीक असूनही लिटरचा मेळ बसत नसेल, तर ड्रायव्हरशी वही समोर ठेवून बोला, आणि तेही बैठकीत, चावडीवर नाही. वही असली की प्रामाणिक ड्रायव्हरवर आळ येत नाही, आणि कोणाला हात मारायचा असेल तर तोही दहादा विचार करतो.

नियमित लेखे हे आपल्या गटाचं सूत्रच आहे. बचतीची नोंद आपण चुकवत नाही, तशी गाडीचीही चुकवू नका. एक वही, सहा रकाने : तारीख, मीटरचा आकडा, लिटर, रुपये, माल किती आणि कुठून कुठे. ड्रायव्हरने लिहावं, सचिव ताईंनी पंपाच्या पावतीशी ताडून सही करावी आणि महिन्याच्या बैठकीत वाचून दाखवावं. तीन महिने असं केलं की आपली गाडी किती डिझेल पिते ते तुम्हालाच कळेल. पुढच्या हंगामाचं भाडं ठरवताना मग अंदाजाने बोलावं लागणार नाही.