पिल्लू घरी आणताना

कुत्रा हा माणसाचा फार जुना सोबती आहे. आपल्यामागून चालत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास युधिष्ठिराने नकार दिला, ही महाभारतातील कथा आपल्या परिचयाची आहे. सोबत्याला अंतर देऊ नये, हा तिचा बोध. पिल्लू घरी आणण्यापूर्वी तो बोध मनात असावा. कारण कुत्रा साधारणतः १० ते १५ वर्षे जगतो आणि माणसाची हौस मात्र पुष्कळदा चार-सहा महिन्यांतच ओसरते.

पिल्लाला आईपासून फार लवकर तोडू नये. भावंडांशी खेळताना एखाद्याला जोराने चावले की ते केकाटते आणि खेळ थांबवते. आपल्या दातांचा जोर किती असावा, हा धडा पिल्लू तेथेच शिकते. म्हणून ८ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लाची विक्री करण्यास केंद्र शासनाच्या २०१७ च्या नियमांनी मनाई केली आहे.

नव्या घरातील पहिल्या काही रात्री पिल्लू रडते. हा हट्ट नसतो. आईची ऊब आणि ओळखीचा वास नाहीसा झाल्याने ते घाबरलेले असते. त्याचे अंथरूण आपल्या जवळपास घालावे. आईजवळचे एखादे जुने फडके आणून त्यात ठेवले तर ते लवकर शांत होते. पाहुण्यांची गर्दी आणि मुलांची ओढाताण या दिवसांत टाळावी.

पिल्लू प्रत्येक वस्तू तोंडात घालून पाहते. त्यामुळे विजेच्या तारा, फिनेल, उंदराचे औषध आणि आपल्या गोळ्या-औषधे त्याच्या आवाक्याबाहेर असाव्यात. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा व लसूण हे आपले नित्याचे पदार्थ कुत्र्याला विषासारखे बाधू शकतात. शिजवलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होऊन आतड्यांना इजा होते, म्हणून तीही देऊ नयेत.

शिकवणीची सुरुवात स्वच्छतेपासून होते. लहान पिल्लाला लघवी फार वेळ रोखून धरता येत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला दरवेळी ठरावीक जागी न्यावे. तेथे विधी उरकताच, त्याच क्षणी शाबासकी द्यावी किंवा खाऊचा लहानसा तुकडा द्यावा. उशिरा दिलेल्या बक्षिसाचा वा शिक्षेचा संबंध पिल्लाला मागच्या कृतीशी जोडता येत नाही. घाणीत त्याचे नाक घासणे किंवा त्याला मारणे म्हणूनच व्यर्थ ठरते. त्यातून ते एवढेच शिकते, की या माणसाला भ्यावे. आणि भ्यालेला कुत्रा पुढे चावण्याचा संभव अधिक असतो.

पिल्लाचे दुधाचे दात साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात पडून नवे दात येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात आणि चपला कुरतडल्या जातात. चप्पल उचलून ठेवावी व चघळण्यासाठी खेळणे द्यावे. घरातील सर्वांनी एकच नियम आणि एकच शब्द पाळणे आवश्यक आहे. आजोबांनी पलंगावर घ्यावे आणि आईने त्याबद्दल रागवावे, असे झाल्यास पिल्लू गोंधळून जाते.

याहून महत्त्वाची गोष्ट लसीकरणाची. पार्व्हो, डिस्टेंपर यांसारखे रोग पिल्लांचे प्राण घेतात. त्यांच्या लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून काही आठवड्यांच्या अंतराने द्याव्या लागतात. रेबीजची लस सुमारे तीन महिने पूर्ण झाल्यावर देतात व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरावीक काळाने पुन्हा देतात. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला अनोळखी कुत्र्यांमध्ये सोडू नये. मात्र कडेवर घेऊन माणसे, वाहने, आवाज यांची ओळख करून द्यावी.

रेबीजची लक्षणे माणसात दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळीच लस घेतल्यास मात्र हा रोग टाळता येतो. त्यामुळे लहान पिल्लाच्या चाव्याकडे किंवा ओरखड्याकडेही दुर्लक्ष करू नये. जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. जखमेवर तिखट, हळद किंवा चुना मुळीच लावू नये.

पिल्लू मुद्दाम चुकत नाही; आपल्या घरचे नियम त्याला ठाऊक नसतात, इतकेच. ते शिकवण्यासाठी वेळ, नियमितपणा आणि संयम हवा. म्हणून पिल्लाला वळण लावण्यापूर्वी घरातील मोठ्यांनी स्वतःला वळण लावून घ्यावे लागते.