गढूळ पाण्यात आवाज हळू का होतो?

आधी एक कबुली. मागच्या भागात मी ठोकून दिलं होतं, "पाण्यात कडक कण मिसळले की अल्ट्रासाऊंड जोरात पळणार." चुकलो!

आवाजाचा वेग दोन गोष्टींवर ठरतो. द्रव जड झाला तर वेग घटतो. दाबायला कठीण झाला तर वाढतो. साध्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे १४८० मीटर. आता मिश्रणाची १० टक्के जागा बारीक चिनी मातीला द्या. मिश्रण साधारण १६ टक्क्यांनी जड होतं, पण दबणं ९-१० टक्क्यांनीच कमी होतं. म्हणजे वजन जिंकलं! हिशेबाने वेग १४५० च्या आसपास उतरतो. १९४७ साली यूरिक यांनी हेच सरासरीचं सूत्र मांडलं.

पण त्याला अट आहे. कण लहरीच्या लांबीपेक्षा खूप लहान हवेत, आणि पाण्यासोबतच हलायला हवेत. प्रत्यक्षात जड कण मागे रेंगाळतात, घर्षणात ऊर्जा जाते, आवाज क्षीण होतो. मोठे कण तर तो विखुरतात. म्हणून एपस्टाइन-कारहार्ट (१९५३) आणि अलेग्रा-हॉली (१९७२) यांची मॉडेल्स घर्षण, उष्णता, विखुरणं सगळं धरतात.

याचा उपयोग काय? जिथे प्रकाश शिरत नाही अशा दाट गाळातही मोजमाप होतं. पण माझ्यासारखा अंदाज केलात, तर वेग उतरलेला बघून "गाळ कमी झाला" म्हणाल, आणि खरं तर तो वाढत असेल. त्यातही साधारण २० टक्क्यांपुढे वेग पुन्हा चढतो, म्हणजे एकाच वेगाची दोन उत्तरं! म्हणून वेगासोबत आवाज किती क्षीण झाला, तेही बघायचं.

भेटू पुढच्या भागात!