कंसास एकाक्षरी नाव

भंडारा जिल्ह्यात तुमसरच्या बाजारी धानाचा हिशेब मांडताना पोते हेच एकक मानतात, आतील दाणे कोणी मोजीत नाही. त्याचप्रमाणे वर्गत्रिपदीत ‘क्ष अधिक ३’ हा कंस एकदा वर्गरूपाने व एकदा उणे पाचपट होऊन आला, आणि शेवटी अधिक ६ असले, तर कंस सोडविण्याची घाई न करता त्यास ‘म’ म्हणावे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त, इ. स. ११५० च्या सुमारास, अज्ञात राशींना कालक, नीलक अशी रंगांची नावे आहेतच. आता गुणाकार ६ व बेरीज ५ अशा संख्या २ आणि ३. म्हणून अवयव ‘म उणे २’ व ‘म उणे ३’. विद्यार्थी हटकून येथेच थांबतात, वस्तुतः मच्या जागी मूळ कंस पुनश्च दाखल केल्यावरच ‘क्ष अधिक १’ आणि केवळ ‘क्ष’ हे खरे अवयव हाती येतात.