काटा काय सांगतो?

जळगावच्या सराफ बाजारात सोने नुसते तोलत नाहीत. त्याचा कसही पाहतात. मग विद्यार्थिनींनो, स्वतःची पारख केवळ वजनकाट्यावर का? काटा मोजतो पृथ्वीचे आकर्षण. हाड, स्नायू, चरबी, पाणी असा भेद त्याला कळत नाही. अर्धा लिटर पाणी पिऊन पाहा: वजन अर्ध्या किलोने वाढेल, लठ्ठपणा नव्हे!

तरीही 'वधू पाहिजे'च्या जाहिरातीतील 'सडपातळ' या शब्दापायी काही मुली जेवण टाळतात. लोह कमी पडून हिमोग्लोबिन घटते; हाडे भरण्याचे वय हातचे जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत आधीच रक्तक्षय आढळला आहे.

शिक्षकहो, वर्गात वजने घ्याल तेव्हा आकडे मोठ्याने वाचू नका.