कार्डाचा वटाव आणि भाड्याची मोटार

अपत्य अमेरिकेत स्थायिक झाले, की पुण्या-मुंबईच्या किंवा नागपूर-कोल्हापूरच्या आईवडिलांच्या वाट्याला एखादा उन्हाळा तिकडे काढण्याचा योग बहुधा येतोच. आणि मोटारीवाचून दूध आणायला जाणेही जिथे दुरापास्त, अशा त्या देशात योसेमिटीची दरी किंवा ग्रँड कॅन्यन पाहावयाचे, तर भाड्याची गाडी घेणे क्रमप्राप्त ठरते. अशा वेळी घरात कोणीतरी आश्वासक स्वरात सांगतो, की गाडी क्रेडिट कार्डावर घेऊ, म्हणजे कॅशबॅक मिळून ती स्वस्तात पडेल. या विधानात असत्य काही नाही. मात्र त्यातले सत्य इतके अल्प आहे, की केवळ त्यावर भिस्त ठेवणारा मनुष्य आठ-दहा डॉलर परत मिळवण्याच्या समाधानात शंभर-दोनशे डॉलरांवर पाणी सोडून मोकळा होतो. कार्डाचा खरा उपयोग त्याच्या टक्केवारीत नसून त्याच्या करारनाम्यातील बारीक अक्षरांच्या कलमांत असतो, आणि ती कलमे वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

पहिला समज असा, की हा परतावा म्हणजे बँकेने आपल्या पदरचे काढून ग्राहकाला दिलेले बक्षीस होय. वास्तविक शंभर डॉलरांचे बिल कार्डाने चुकते झाले, की विक्रेत्याच्या हाती त्यांतले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच पडतात. उरलेली अडत कार्ड देणारी बँक, कार्डाचे जाळे चालवणारी कंपनी आणि विक्रेत्याची बँक यांच्यात वाटली जाते, तिचा मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, आणि त्या हिश्शातून बँक ग्राहकाला वटाव देते. सिअर्स या दुकानदारीतील बलाढ्य कंपनीने 1986 मध्ये डिस्कव्हर कार्ड बाजारात आणून ही प्रथा अमेरिकेत लोकप्रिय केली. युरोपीय संघाने 2015 च्या कायद्याने बँकेला मिळणाऱ्या या अडतीवर क्रेडिट कार्डासाठी शेकडा 0.3 ची मर्यादा घातली. परिणामी तिकडे उदार परताव्याची कार्डे दुर्मिळ आहेत. विक्रेता ही अडत मालाच्या किमतीत आधीच मिळवून ठेवतो, म्हणजे रोखीने पैसे मोजणारा गृहस्थ कार्डधारकाच्या वटावास अजाणता हातभार लावत असतो, ही गोष्ट न्याय्य आहे असे निदान मला वाटत नाही. परंतु तो विषय निराळा. अशा परताव्याला अमेरिकेचे प्राप्तिकर खाते उत्पन्न न मानता किमतीतील सूट मानते, त्यामुळे खर्चावर मिळालेल्या सामान्य कॅशबॅकवर कर पडत नाही, एवढे सांगून पुढे जाऊ.

आता रकमेचा हिशेब पाहावा. समजा, आठवडाभरासाठी घेतलेल्या गाडीचे भाडे, कर आणि विमानतळाचे आकार धरून, 450 डॉलर झाले. शेकडा दोनच्या कार्डावर परतावा होतो 9 डॉलर, शेकडा तीनच्या कार्डावर साडेतेरा. ‘पाच टक्के’ अशी जी जाहिरात डोळ्यांत भरते, ती बहुधा दर तिमाहीस बदलणाऱ्या खर्चप्रकारांची असते. डिस्कव्हर किंवा चेस फ्रीडम फ्लेक्ससारख्या कार्डांत असा वाढीव परतावा तिमाहीत फक्त पहिल्या 1500 डॉलरांच्या खर्चावर, म्हणजे जास्तीत जास्त 75 डॉलर, मिळतो, आणि तोही ग्राहकाने त्या तिमाहीपुरती आपली संमती मुदतीत नोंदवली असेल तरच. शिवाय खर्च कोणत्या प्रकारात मोडतो हे ग्राहक ठरवत नाही. विक्रेत्याला लावलेल्या चार आकडी संकेतांकावरून ते ठरते. मोटार भाड्याने देणाऱ्यांचा सर्वसाधारण संकेतांक 7512, मोठ्या कंपन्यांचे स्वतंत्र, तर प्रवासी दलालांचा 4722. त्यामुळे तीच गाडी एखाद्या प्रवास-संकेतस्थळामार्फत घेऊन पैसे तिथेच भरले, तर व्यवहार दलालाच्या खात्यावर नोंदला जातो, आणि केवळ मोटारभाड्यावर परतावा देणारे कार्ड त्याकडे पाठ फिरवू शकते.

याहून कितीतरी मोठा गैरसमज विम्यासंबंधीचा, आणि इथे जरा थांबणे अवश्य आहे. गाडी ताब्यात घेताना खिडकीवरचा कारकून दिवसाला वीस-पंचवीस डॉलर घेऊन ‘नुकसानमाफी’ देऊ करतो. नावाने विमा वाटला तरी तो विमा नसतो. गाडीला अपाय झाल्यास किंवा ती चोरीस गेल्यास भरपाई मागण्याचा आपला हक्क कंपनी त्या पैशांच्या मोबदल्यात सोडून देते, इतकाच त्याचा अर्थ. दिवसाला 25 डॉलर धरले, तर सात दिवसांचे 175 डॉलर होतात. वर पाहिलेल्या 9 डॉलरांच्या शेजारी ही रक्कम ठेवून पाहिली, म्हणजे बचतीची खरी जागा कोणती हे वेगळे सांगावे लागत नाही. अमेरिकेत दिलेल्या अनेक कार्डांवर गाडीच्या नुकसानीचे संरक्षण निराळे पैसे न घेता मिळते, आणि ते लागू असेल तर कंपनीची माफी नाकारता येते. किंबहुना ती नाकारलीच पाहिजे, कारण कंपनीची माफी स्वीकारल्यास कार्डाचे संरक्षण रद्द होते, अशी बहुतेक ठिकाणी शर्त असते. भाड्याची संपूर्ण रक्कम त्याच कार्डावर पडली पाहिजे आणि भाडेकरारावर मुख्य भाडेकरू म्हणून कार्डधारकाचेच नाव पाहिजे, या आणखी दोन शर्ती. आपल्या कुटुंबांत हमखास चूक होते ती इथेच: कार्ड मुलाचे, करारावर नाव जावयाचे, आणि गाडी चालवायला तिसराच. कार्डधारकाने करार करावा आणि इतरांची नावे अधिकृत चालक म्हणून त्यावर रीतसर नोंदवून घ्यावीत, हा निर्वेध मार्ग.

परंतु ‘कार्ड आहे म्हणजे विमा आहे’ असे समजणेही तितकेच धोक्याचे. डिस्कव्हरने हे संरक्षण 2018 मध्ये बंद केले, सिटी बँकेने 2019 मध्ये आपल्या बहुतेक कार्डांवरून ते काढून घेतले. आणि कॅशबॅकसाठी नावाजलेल्या कार्डांपैकी काही नेमकी याच संस्थांची आहेत. ज्या कार्डांवर ते शिल्लक आहे, तिथेही बहुतांशी ते दुय्यम असते, म्हणजे ग्राहकाच्या स्वतःच्या मोटारविम्याने भरपाई दिल्यानंतर जे उरेल तेवढेच कार्डामार्फत मिळते. चेस सॅफायरसारख्या काही थोड्या कार्डांचे संरक्षण प्राथमिक, म्हणजे आधी पुढे येणारे, असते. मुदतीचेही बंधन आहे: अनेक व्हिसा कार्डांवर राहत्या देशात सलग 15 दिवस आणि परदेशात 31 दिवस ही कमाल मर्यादा. मोठे मालवाहू ट्रक, अतिमूल्यवान गाड्या आणि काही विशिष्ट देश सर्रास वगळलेले असतात. भरपाईची पद्धत अशी, की कंपनीला पैसे आधी आपण भरावयाचे आणि मग भाडेकरार, अपघाताचा अहवाल, दुरुस्तीचा अंदाज आणि कार्डाचे स्टेटमेंट असे दस्तऐवज मुदतीत रुजू करून ते वसूल करावयाचे. गाडी दुरुस्तीत असताना बुडालेल्या भाड्याची मागणी कंपनीने केली, तर तिच्या इतर गाड्या त्या काळात खरोखरच भाड्यावर गेल्या होत्या याची नोंदही कार्डाची विमा कंपनी मागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे संरक्षण केवळ भाड्याच्या गाडीचे असते. दुसऱ्याच्या गाडीला किंवा देहाला आपल्या हातून इजा झाली, तर कार्ड एक छदामही देत नाही. 2005 मध्ये अमेरिकी संसदेने केलेल्या कायद्याने, केवळ मालकीच्या नात्याने येणाऱ्या अशा दायित्वातून भाडेकंपन्यांना, त्यांची स्वतःची हयगय नसेल तर, मुक्त केले आहे. तिथे स्वतःचा मोटारविमा असलेल्या मुलाची पॉलिसी त्याला बहुधा भाड्याच्या गाडीतही संरक्षण देते; भारतातून गेलेल्या वडिलांकडे असे काहीच नसते, आणि म्हणून त्यांनी नुकसानमाफी नाकारली तरी त्रयस्थाच्या जबाबदारीचा विमा नाकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथूनच भारतीय कार्डाचा प्रश्न उद्भवतो. ‘आपल्याही कार्डावर दीड टक्का परतावा आहे, तेच वापरू’ असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे, की बहुसंख्य भारतीय कार्डांवर परकीय चलनातील व्यवहारास शेकडा 3.5 आकार पडतो, त्या आकारावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण शेकडा 4.13. आपल्या 450 डॉलरांवर हे साडेअठरा डॉलर होतात. परतावा मिळालाच तर पावणेसात. म्हणजे वटाव घेऊन माणूस सुमारे बारा डॉलरांच्या तोट्यात येतो. हा आकार कमी असलेली किंवा मुळीच न लावणारी कार्डेही आपल्याकडे मिळतात, आणि परदेशप्रवासात परताव्याच्या टक्क्यापेक्षा हाच आकडा आधी पाहावयाचा असतो. खिडकीवर कोणी ‘बिल रुपयांत करू का?’ असे अगत्याने विचारले, तर नम्रपणे डॉलरांतच करावयास सांगावे. रुपयांतील रूपांतराचा दर विक्रेत्याच्या बाजूने ठरतो आणि तो सहसा महाग असतो.

अनामतीविषयीही संभ्रम आढळतो. कंपनी भाड्याव्यतिरिक्त दोन-तीनशे डॉलर कार्डावर रोखून धरते, त्यावरही कॅशबॅक मिळेल अशी काहींची कल्पना असते. ती रोखलेली रक्कम म्हणजे व्यवहार नव्हे. परतावा मिळतो तो अंतिम बिलावरच, आणि बिलात मागाहून सूट मिळाली तर तितका परतावाही बँक मागे घेते. डेबिट कार्डावर मात्र हीच अनामत आपल्या खात्यातील खऱ्या पैशांतून अडकून पडते, आणि आगाऊ पैसे भरलेली प्रवासी कार्डे तर अनामतीसाठी बहुधा स्वीकारलीच जात नाहीत.

व्याजाची गोष्ट थोडक्यात आटोपते. दरसाल दरशेकडा 24 व्याज धरले तर महिन्याचे दोन टक्के होतात. म्हणजे 450 डॉलरांची बाकी एक महिना मागे राहिली, की 9 डॉलरांचा परतावा जसाच्या तसा बँकेच्या घशात परत जातो, आणि बाकी थकवल्यामुळे नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही सुटते ती वेगळीच. कित्येक भारतीय कार्डांचा दर तर याहूनही बराच चढा असतो.

वटावाचा विचार सर्वांत शेवटी करावा. प्रथम रद्द करता येईल अशी, पैसे गाडी घेताना भरावयाची नोंदणी करून ठेवावी आणि भाव उतरला की जुनी सोडून नवी घ्यावी. विमानतळावरील कचेरीच्या बिलात परवाना-शुल्क आणि सुविधा-आकार या नावांनी बरीच भर पडते, म्हणून शहरातील शाखेचा भाव विचारावा. कॉस्टकोसारख्या संस्थेचे सभासदत्व घरात असेल तर दुसऱ्या चालकाचे शुल्कही बहुधा वाचते. पथकराचाही बंदोबस्त आधीच करावा, कारण सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर 2013 पासून रोख पैसे घेणारा माणूसच उरलेला नाही, आणि कंपनीमार्फत पथकर भरल्यास त्यावर तिचे दिवसागणिक शुल्क बसते. इतके करून जी रक्कम उरेल, तिच्यावर दोन टक्के अवश्य घ्यावेत.

मायदेशी, उदाहरणार्थ गोव्याच्या सहलीत, भाड्याची गाडी घेताना मात्र या साऱ्या शास्त्राचा उपयोग फारसा होत नाही. तिथे स्वतः चालवण्यासाठी कायदेशीरपणे भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि तिच्यावरील अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कोणी कमी भाड्यात देऊ केली, तर अपघातानंतर विमा कंपनी भरपाई नाकारील हा धोका कोणत्याही परताव्याहून मोठा आहे. पुष्कळ मालक रोख किंवा यूपीआयनेच पैसे घेतात. 2022 पासून रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची मुभा मिळाली असली, तरी ती व्यापारी म्हणून नोंदलेल्या खात्यापुरतीच आहे. मालकाने पुढे केलेला क्यूआर त्याच्या वैयक्तिक खात्याचा असेल, तर क्रेडिट कार्डाचे पैसे तिथे जातच नाहीत.