स्लॅब थंड करताना ओल विसरू नका

अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, म्हणून स्लॅबवर उष्णतारोधक थर देण्याचं काम उन्हाळ्यातच निघतं. पण त्या थराची खरी परीक्षा जून ते सप्टेंबरात होते. ग्लासवूलचं काम चालतं ते त्यात अडकलेल्या हवेच्या जिवावर. तिथे पाणी शिरलं की संपलं, कारण पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेतं. त्यात फॉल्स सीलिंगमागची गळती महिनोन्महिने दिसतही नाही. म्हणून आधी तडे बुजवून वॉटरप्रूफिंग करा, त्यावर पाणी न पिणारा एक्सपीएस फोम आणि वर पन्हाळीकडे उतार दिलेला कोबा घाला. उतार शंभर फुटांना किमान एक फूट हवाच.

थंड देशांत बाष्परोधक पडदा भिंतीच्या आतल्या बाजूने लावतात, कारण तिथे हिवाळ्यात घरातली वाफ बाहेर जाऊ पाहते. आपल्याकडे जुलैत एसीच्या खोलीकडे दमट हवा बाहेरून ओढली जाते. पडदा आतून लावला तर ओल भिंतीतच अडकते. परदेशी पद्धत जशीच्या तशी उचलू नये, ती यासाठी.

ओल घरातूनही येते: कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर सगळी वाफ घरातच कोंडते.

वऱ्हाडची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंतींना तडे देते. भिंतीला रोधक थर चढवण्याआधी हे तडे आणि जोत्यातून चढणारी ओल, दोन्हींचा बंदोबस्त करून घ्या.