वाद कुणाशी, कशावर आणि कुणापुढे

राजकारण, कायदा आणि अर्थकारण या विषयांवर समाजमाध्यमांत अनोळखी माणसांमध्ये चालणाऱ्या वादांबद्दल जी तक्रार सर्वत्र ऐकू येते ती भाषेच्या घसरणीची असते. वाद निष्फळ ठरण्याचे खरे कारण मात्र बहुतेक वेळा शिवराळपणात नसून, वाद कोणत्या प्रश्नावर चालला आहे आणि त्याचा निर्णय कोणत्या प्रमाणाने व्हायचा आहे हे आधी ठरलेले नसण्यात असते. प्राचीन भारतीय ग्रंथकारांनी वादाचा विचार केला तो नेमका याच टोकापासून. न्यायसूत्रांनी वादाच्या तीन जाती केल्या आहेत: प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे, दोन्ही बाजूंनी सत्यनिर्णयासाठी केलेला तो ‘वाद’, जिंकणे एवढाच हेतू असल्याने शब्दच्छलासारखी साधनेही ज्यात चालतात तो ‘जल्प’, आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याच्या पक्षाचे खंडन करीत राहणे ती ‘वितंडा’. वितंडा करणाऱ्याला हरवता येत नाही, कारण हरण्यासारखे त्याने काही मांडलेलेच नसते; आजच्या वाचकाला असे चार-दोन लोक सहज आठवतील.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्यांच्या परस्पर चर्चेचे जे विवेचन आहे, ते याहूनही व्यवहारी आहे. तेथे संभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत: मैत्रीने, एकमेकांचे ज्ञान वाढावे म्हणून केलेली ‘संधाय संभाषा’ आणि जिंकण्याच्या इराद्याने केलेली ‘विगृह्य संभाषा’. दुसऱ्या प्रकारात उतरण्यापूर्वी प्रतिपक्षी आपल्यापेक्षा वरचढ, बरोबरीचा की कमी हे पाहावे, त्याचप्रमाणे समोरची परिषद, म्हणजे ऐकणारा समुदाय, जाणती की अजाण आणि अनुकूल, तटस्थ की आधीच विरोधात ठाम झालेली हेही पाहावे, असे तेथे सांगितले असून विरोधात ठाम झालेल्या परिषदेत कुणाशीही बोलू नये असा स्पष्ट निर्वाळा दिला आहे. चरकाला भाबडा मात्र समजता येत नाही; ज्याचा ग्रंथपाठ कच्चा आहे त्याला लांबलचक सूत्रपाठाने गारद करावे, असले डावपेचही त्याच अध्यायात आहेत. महत्त्वाचे हे की, प्रतिपक्षी आणि परिषद या दोन्हींची परीक्षा तोंड उघडण्याआधी करायची आहे. अनोळखी माणसाच्या एका ओळीला तत्काळ उत्तर देणारा ही परीक्षा करीत नाही, आणि बहुधा त्याला ती करताही येत नाही, कारण समोरच्याचे नाव, व्यवसाय, अभ्यास यांपैकी काहीच त्याला ठाऊक नसते आणि परिषद तर अदृश्यच असते.

प्रश्न कोणता, हे न ठरवता वाद कसा वाढतो याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात ठळकपणे नोंदलेले आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने, विवाहित असो वा अविवाहित, मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीची किमान मर्यादा १० वर्षांवरून १२ वर्षांवर नेली, आणि त्या निमित्ताने टिळकांचे ‘केसरी’ आणि आगरकरांचे ‘सुधारक’ ही पत्रे एकमेकांसमोर उभी राहिली. बालवयातील संबंधाने मुलीच्या शरीरावर काय परिणाम होतो, हा वैद्यकीय वस्तुस्थितीचा प्रश्न होता. गर्भाधानाविषयी धर्मशास्त्र नेमके काय सांगते, हा ग्रंथांच्या अर्थाचा प्रश्न होता आणि त्यावर रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि टिळक यांच्यात शास्त्रवचनांचा काथ्याकूट झाला. परक्या सरकारला लोकांच्या घरगुती आचारात कायदा करण्याचा अधिकार आहे काय, हा सत्तेचा प्रश्न होता आणि टिळकांच्या विरोधाचा मुख्य भर तेथेच होता. सुधारणा लोकांनी आपणहून करावी, ती सरकारच्या हातून नको, अशी त्यांची भूमिका होती, तर आगरकरांना लोकमत तयार होईपर्यंत मुलींनी सोसत राहावे हे मान्य नव्हते. हे तीन प्रश्न परस्परांत मिसळले की एकाचे उत्तर दुसऱ्यावर फेकले जाते, आणि तसे तेव्हाही झाले. फरक एवढाच की वादी एकमेकांना नावाने, विद्वत्तेने आणि जुन्या सहवासाने ओळखत होते, पुढचा अंक निघेपर्यंत मध्ये आठवडा जात असे, आणि काल काय लिहिले होते ते आज छापील स्वरूपात समोर असे.

आजचे उदाहरण घ्यायचे तर मराठी माणसांमधील सर्वांत पेटता वाद आरक्षणाच्या ५० टक्के मर्यादेचा आहे. ‘ही मर्यादा संविधानात कुठे लिहिली आहे?’ असे एक जण विचारतो, ‘सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेली आहे’ असे दुसरा सांगतो, आणि दोघेही खरे बोलत असूनही दोघेही दुसऱ्याला खोटे ठरवतात. अनुच्छेद १५ (४) आणि १६ (४) यांत टक्केवारी नाही, हे खरे आहे. १९६२ च्या बालाजी खटल्यात न्यायालयाने आरक्षण साधारणतः निम्म्याच्या आत असावे असे म्हटले आणि १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो नियम पक्का केला, मात्र असाधारण परिस्थितीत त्याला अपवाद होऊ शकतो असेही सांगितले. हेही खरे आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये मराठा समाजासाठी १६ टक्के आरक्षणाचा कायदा केला, २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो वैध ठरवताना प्रमाण शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्क्यांवर आणले, आणि ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला तो, मर्यादा ओलांडण्याजोगी असाधारण परिस्थिती सिद्ध झालेली नाही, या कारणावर. त्यानंतर ‘मग तमिळनाडूत ६९ टक्के कसे?’ हा प्रश्न येतोच, आणि त्याचे उत्तर असे की, तो कायदा १९९४ मध्ये ७६ व्या घटनादुरुस्तीने नवव्या अनुसूचीत, म्हणजे न्यायालयीन आव्हानापासून संरक्षण देण्यासाठी केलेल्या यादीत, घातला गेला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे १० टक्के आरक्षण ७ नोव्हेंबर २०२२ रोजी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने टिकले, तेव्हा ५० टक्क्यांची रेघ किती ताठ आहे यावर न्यायमूर्तींमध्येच मतभेद असल्याचे दिसले.

इतका तपशील मांडल्यावर लक्षात येते की, ‘कायदा काय आहे’ या प्रश्नाला निकालपत्रे वाचून उत्तर मिळते, ‘समाज मागास आहे काय’ या प्रश्नाला आयोगाची आकडेवारी आणि तिची छाननी लागते, आणि ‘मर्यादा असावी काय’ हा न्यायाच्या कल्पनेचा प्रश्न असल्याने त्याला कोणतेही निकालपत्र शेवटचे उत्तर देऊ शकत नाही. पहिल्या प्रश्नावर कोंडी झाली की वादी नकळत तिसऱ्यावर सरकतो, तिसऱ्यावर अडचण आली की दुसऱ्यावर येतो, आणि प्रतिपक्ष्याला मात्र त्याने मैदान सोडल्यासारखे वाटते. दोन ओळींच्या उत्तरात हे सरकणे झाकून जाते.

अर्थकारणात हाच घोळ आकड्यांमुळे होतो. महागाईचा दर कमी झाला अशी बातमी येते आणि तिच्याखाली बाजारातील डाळीचा भाव सांगणाऱ्यांची रीघ लागते. एखाद्या वस्तूची किंमत पहिल्या वर्षी १०० रुपये, दुसऱ्या वर्षी ११० आणि तिसऱ्या वर्षी ११२ झाली, तर महागाईचा दर १० टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्या खाली आलेला असतो, वस्तू मात्र पहिल्यापेक्षा १२ रुपयांनी महागच असते. दर ही वाढीची गती आहे, किंमत ही पातळी आहे, आणि सरकारची बाजू घेणारा गतीबद्दल तर गृहिणी पातळीबद्दल बोलत असते. त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. किरकोळ किंमत निर्देशांक हा घरखर्चातील वस्तूंना त्यांच्या वाट्यानुसार वजन देऊन काढलेला सरासरी आकडा असून, २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेये यांचे वजन देशासाठी ४५.८६ टक्के, ग्रामीण भागासाठी ५४.१८ आणि शहरी भागासाठी ३६.२९ टक्के होते. त्यामुळे भाज्या आणि डाळी कडाडल्या तर खेड्यातील मजुराला बसणारी झळ आणि पुण्यातील पगारदाराला बसणारी झळ एकसारखी नसते, आणि सरासरीचा आकडा दोघांपैकी कुणाच्याही घरचा नसतो. गमतीचा भाग असा की, या वादात ‘आकडे खोटे आहेत’ हे वाक्य जितक्या लवकर येते तितक्या लवकर ‘कोणता आकडा?’ हा प्रश्न येत नाही.

माणसाला आपले धोरणविषयक ज्ञान प्रत्यक्षापेक्षा खोल वाटते, असे मानसशास्त्रज्ञ सांगतात. फिलिप फर्नबाख, स्टीव्हन स्लोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना एखाद्या धोरणाच्या बाजूची कारणे द्यायला न सांगता, ते धोरण टप्प्याटप्प्याने कसे काम करते हे समजावून सांगायला लावले, तेव्हा आपल्याला ते किती कळते याचा त्यांचा स्वतःचा अंदाज खाली आला. मतांचा कडवेपणाही कमी झाल्याचे त्यांनी नोंदवले होते, परंतु तो भाग पुढच्या पडताळणीत तितका टिकला नाही. तरीही ‘तुमचे म्हणणे का बरोबर?’ यापेक्षा ‘हे प्रत्यक्षात कसे घडेल?’ हा प्रश्न अधिक कामाचा दिसतो; पहिल्या प्रश्नाने पाठ केलेली कारणे बाहेर पडतात, दुसऱ्याने न्यायालय, तिजोरी, तलाठी आणि तारखा यांचा विचार करावा लागतो.

अनोळखीपणामुळे सज्जन माणसेही पडद्याआड उद्धट होतात, ही समजूत जॉन सुलर यांच्या २००४ च्या प्रसिद्ध लेखानंतर रूढ झाली. डेन्मार्कमधील आऱ्हूस विद्यापीठाचे अलेक्झांडर बोर आणि मायकेल बँग पीटरसन यांनी अमेरिका आणि डेन्मार्क या देशांत केलेल्या संशोधनातून निघालेले चित्र निराळे आहे: राजकीय चर्चेत आंतरजालावर आक्रमक असणारी माणसे प्रत्यक्ष बोलतानाही बहुधा आक्रमकच असतात, मात्र प्रत्यक्षात त्यांचे वागणे चार जणांपुढे घडते आणि आंतरजालावर ते हजारोंच्या नजरेस येते. म्हणजे फरक वक्त्याइतकाच किंवा त्याहून अधिक परिषदेत आहे. रेडिटवर आपले मत मांडून ‘हे बदलून दाखवा’ असे आवाहन करण्याची एक जागा आहे. तेथील चर्चांचा कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये अभ्यास केला, तेव्हा मूळ लेखकापेक्षा वेगळे शब्द वापरणारे आणि आपल्या विधानांना ‘बहुधा’, ‘कदाचित’ अशी मर्यादा घालणारे प्रतिवाद अधिक वेळा मत बदलवताना आढळले. त्याच दोघांमध्ये उत्तर-प्रत्युत्तराच्या पाचेक फेऱ्या उलटून गेल्यावर मात्र मन वळण्याची शक्यता जवळजवळ संपते, असेही त्यात दिसले. हे निष्कर्ष मत बदलायला तयार म्हणून आलेल्यांविषयीचे आहेत, हे विसरून चालणार नाही. चरकाच्या भाषेत ती संधाय संभाषेची परिषद आहे.

कायद्याविषयीचा वाद कधी स्वतःच कायद्याच्या कचाट्यात सापडतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६६-अ हे ‘अत्यंत आक्षेपार्ह’ किंवा त्रासदायक संदेश पाठवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद देत असे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिल्याबद्दल प्रश्न करणारा मजकूर फेसबुकवर लिहिणारी एक तरुणी आणि तो मजकूर ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण, या दोघींना पालघरमध्ये अटक झाली. या प्रकरणाने पेटलेला प्रश्न श्रेया सिंघल खटल्याच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २४ मार्च २०१५ रोजी न्या. रोहिंटन नरिमन यांनी लिहिलेल्या निकालाने हे कलम पूर्णपणे रद्द झाले. त्या निकालात चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या केल्या असून, कितीही अप्रिय असली तरी पहिल्या दोन पायऱ्यांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, तिसरीवर मात्र कायदा निर्बंध घालू शकतो, असे सांगितले आहे. तरीही त्याच मृत कलमाखाली ठिकठिकाणी गुन्हे नोंदवले जात राहिले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही. ठाण्यातील पोलिसालाच कायदा रद्द झाल्याचे सात वर्षे कळत नसेल, तर रात्री अकरा वाजता कलमांचे आकडे फेकणाऱ्या अनोळखी वादीवर किती रागवायचे, हाही प्रश्नच आहे.

पुढील नैयायिक परंपरेत जल्पासाठी मध्यस्थ हवा असे मानले गेले, कारण जिंकायला निघालेल्या दोघांना आपला निर्णय आपण करता येत नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून अशा मध्यस्थाची एक जागा निर्माण केली: केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे हे सरकारचाच सत्यपडताळणी कक्ष ठरवणार, आणि समाजमाध्यम कंपन्यांनी त्यानुसार पावले उचलली नाहीत तर त्यांचे कायदेशीर संरक्षण धोक्यात येणार, अशी ती तरतूद होती. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांनी तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल यांनी ती घटनाबाह्य ठरवली, न्या. नीला गोखले यांनी वैध मानली, आणि मतभेद मिटवण्यासाठी प्रकरण गेलेले तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी न्या. पटेल यांच्या बाजूने मत दिल्यावर ती रद्द झाली. आक्षेपाचा गाभा न्यायसूत्रे वाचलेल्याला ओळखीचा वाटेल असा होता: वादात जो स्वतः एक पक्ष आहे, त्यालाच त्या वादाचा निर्णय देणारा नेमले होते.